चार भाषांतला एकच खेळ: करोडपतीची हॉट सीट, सोलापुरातून

सोलापुरात हा एकच खेळ चार भाषांत पाहिला जातो. हिंदीतला ‘कौन बनेगा करोडपती’ घरोघरी आहेच. मराठीत आधी ‘कोण होईल मराठी करोडपती’ होता, पुढे ‘कोण होणार करोडपती’ आला. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत ‘मीलो एवरु कोटीश्वरुडु’ लागायचा आणि कन्नड बोलणाऱ्या घरांत ‘कन्नडद कोट्याधिपती’. सगळ्यांचा साचा एकच, ४ सप्टेंबर १९९८ ला ब्रिटनच्या आयटीव्हीवर सुरू झालेला. आपल्याकडे तो ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर आला आणि २०१० पासून सोनीवर आहे. चारही भाषांत पाहण्याचा फायदा असा की भाषा आणि सूत्रधार बाजूला काढले, की खालचा सांगाडा उघडा दिसतो. तो सांगाडा भक्कम आहे. वरचा मालमसाला मात्र वर्षागणिक वाढत गेलाय.

मत आधीच सांगून टाकतो. खेळ म्हणून पाचपैकी साडेचार, कार्यक्रम म्हणून तीन. शिवाय ‘ज्ञानाचा कार्यक्रम’ म्हणून मुलांना समोर बसवणार असाल, तर थोडं थांबा. यात ज्ञान लागतंच, पण पैसा ठरतो तो ‘माझी खात्री किती टक्के आहे’ या एका प्रश्नावर. तसं पाहिलं तरच खेळ रंगतो. नाहीतर नऊ वाजता लावलेला टीव्ही साडेनऊला भाकरी थापताना नुसता ऐकू येत राहतो.

आधी तक्रारी, कारण पार्क चौकातल्या कट्ट्यावर त्याच जास्त ऐकू येतात. पहिली: प्रश्न कमी, गप्पा जास्त. ही रास्त आहे. वाहिन्यांना तासाला १२ मिनिटं जाहिरातींची मुभा असते, म्हणजे उरली ४८. त्यात स्पर्धकाच्या गावाची चित्रफीत, घरच्यांचे डोळे, प्रायोजकाचं नाव आणि सूत्रधाराचा एखादा किस्सा. दुसरी तक्रार: प्रश्न सोपे झालेत. ही अर्धीच खरी. पहिले पाच प्रश्न आधीपासूनच पोरकट होते, कारण त्यांचं काम स्पर्धकाचा घसा मोकळा करणं हेच असतं. दहाव्यानंतरचे प्रश्न आजही चांगल्या चांगल्यांना घाम फोडतात. तिसरी तक्रार कलाकारांच्या भागांची. सिनेमाच्या प्रसिद्धीला आलेल्या जोडीचा भाग खुशाल सोडून द्यावा. समाजकार्य करणाऱ्यांना बोलावतात ते ‘कर्मवीर’ भाग मात्र सोडू नयेत: २०१८ मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, २०१९ मध्ये सिंधुताई सपकाळ. तिथे खेळ दुय्यम असतो आणि कोणी तसं लपवतही नाही.

सूत्रधारांबद्दल जास्त बोलण्यासारखं नाही. बच्चनांची खरी करामत आवाजात नाही, चेहरा कोरा ठेवण्यात आहे. उत्तर बरोबर असतानाही ते स्पर्धकाला डळमळीत करू शकतात. मराठीत २०१३ साली सचिन खेडेकरांनी सुरुवात केली. त्यांचं वाचन स्वच्छ, शिक्षकी, आणि प्रश्नातला शब्द न् शब्द कानावर पडतो. २०१९ च्या पर्वात नागराज मंजुळे आले. ते करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, त्यामुळे इथल्या प्रेक्षकाने त्यांना चार मार्क जास्तच दिले. खेड्यातून आलेला स्पर्धक त्यांच्यासमोर लवकर मोकळा व्हायचा हे खरं. पण ताण धरून ठेवायची बच्चनी हातोटी त्यांनी वापरली नाही, बहुधा मुद्दामच.

आता प्रश्न. चांगला प्रश्न कसा असतो ते पाहायचं तर पहिल्या करोडपतीचा शेवटचा प्रश्न घ्या. २००० साली हर्षवर्धन नवाथे यांना विचारलं होतं की राज्यघटनेनुसार संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची मुभा यांपैकी कोणाला आहे. उत्तर ॲटर्नी जनरल, अनुच्छेद ८८. प्रश्नाची ताकद उत्तरात नाही, शेजारी बसवलेल्या सॉलिसिटर जनरलमध्ये आहे. दोघेही सरकारचे वकील, दोघांची नावं पेपरात येतात, पण एकाचंच पद घटनेत आहे. अर्धवट माहिती असलेला माणूस नेमका तिथे सापडतो. याला चकवा म्हणतात, आणि प्रश्न काढणाऱ्याचं कसब तिथेच कळतं. नान्नजचं अभयारण्य कोणत्या पक्ष्यासाठी, असं विचारून मोर, पोपट, कावळा आणि माळढोक असे पर्याय दिले तर तो प्रश्न हजार रुपयांचा. पोपट काढून तणमोर ठेवला आणि कावळ्याच्या जागी सारस आणला की तोच प्रश्न लाखांच्या घरात जातो. सोलापूरकर तरीही सुटेल, पुण्याचा माणूस अडकेल.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांसाठी हिंदी कार्यक्रमात एक वेगळीच अडचण आहे आणि ती ज्ञानाची नाही. गुर्दा म्हणजे मूत्रपिंड, तिल्ली म्हणजे प्लीहा, जस्ता म्हणजे जस्त, सीसा म्हणजे शिसे, दशमलव म्हणजे दशांश. हे शब्द माहीत नसतील तर सातवीतला प्रश्न ४५ सेकंदांत हातचा जातो. ‘चेष्टा’ आणि ‘शिक्षा’ हे शब्द तर सरळ उलट्या वाटेला नेतात. मराठी आवृत्तीत हा त्रास नाही, पण तिथे दुसरी खोच आहे. मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं. ‘यांपैकी कोणती नदी भीमेला मिळत’ इथवर ऐकूनच डोकं उत्तर शोधायला लागतं, आणि शेवटचा ‘नाही’ हवेत विरतो. घरी पाहताना सरावासाठी एवढंच करा: शेवटचा शब्द ऐकेपर्यंत पर्यायांकडे बघायचंच नाही.

खरी गंमत बक्षिसांच्या शिडीत आहे. पर्वागणिक आकडे बदलतात, पण जी शिडी बरीच वर्षं चालली ती अशी: १,०००, २,०००, ३,०००, ५,०००, १०,०००, मग २०,०००, ४०,०००, ८०,०००, १,६०,०००, ३,२०,०००, पुढे ६,४०,०००, साडेबारा लाख, २५ लाख, ५० लाख, १ कोटी आणि शेवटी ७ कोटी. पाचवा आणि दहावा हे पडाव, म्हणजे तिथवरची रक्कम पक्की. पाचव्याच्या आत चुकलात तर हात हलवत परत. पाच ते दहाच्या मध्ये चुकलात तर १०,०००. दहाव्यानंतर कुठेही चुकलात तर ३,२०,०००.

यातून पहिली गोष्ट निघते ती अशी की सहावा आणि अकरावा प्रश्न फुकटचे आहेत. ३,२०,००० वर असताना अकरावा प्रश्न चुकला तरी ३,२०,००० च मिळणार. तिथे खेळ सोडणं म्हणजे भेळवाल्याने वरून दिलेली शेव परत करणं. तरीही अकराव्यावर लाइफलाइन, म्हणजे अडल्यावर मिळणारी मदत, खर्च करणारे दिसतात. ती करू नये, बाराव्यासाठी ठेवावी. काहीच येत नसेल तर डोळे मिटून एक पर्याय सांगावा.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक पायरीवर किती खात्री असली तर खेळावं. हिशोब शाळेतलाच आहे. सोडून मिळणारी रक्कम वजा पडावाची रक्कम, भागिले जिंकून मिळणारी रक्कम वजा पडावाची रक्कम. हातात ६,४०,००० आहेत, पुढे साडेबारा लाख, खाली ३,२०,०००. म्हणजे ३.२ भागिले ९.३, साधारण ३४ टक्के. खात्री एवढी असली तरी खेळणं पदरात पडतं. हातात साडेबारा लाख असतील तर ४३ टक्के लागतात, २५ लाख असतील तर ४७ आणि ५० लाख असतील तर ४८. म्हणजे दोन पर्यायांत अडकलेल्या माणसाने, अर्धी अर्धी खात्री असताना, कागदावर तरी यांतल्या प्रत्येक ठिकाणी खेळायला हवं. आणि १ कोटीवरून ७ कोटीला जाताना? ९६.८ भागिले ६९६.८, म्हणजे जेमतेम १४ टक्के. चारांतला एक आंधळेपणाने निवडला तरी २५ टक्के होतात. कागद म्हणतो, खेळ.

तरी लोक तिथे सोडतात, आणि शहाणपणाने सोडतात. कागदाला घरचा हप्ता नसतो. ज्याने पहिल्यांदाच एक कोटी पाहिले त्याला त्यातले ९६ लाख ८० हजार गमावण्याची किंमत वेगळी असते. २०२२ च्या पर्वात हा हिशोब आणखी हलला. ५० लाख आणि १ कोटी यांच्या मध्ये ७५ लाखांचा पडाव घातला आणि वरचा आकडा साडेसात कोटी झाला. म्हणजे कोटीवरून चुकलं तर फक्त २५ लाख जाणार. त्याच पर्वात कोल्हापूरच्या कविता चावला १ कोटी घेऊन गेल्या, आणि ‘खेळायला हवं होतं’ विरुद्ध ‘बरोबर केलं’ असे दोन तट आपल्याकडच्या चहाच्या टपऱ्यांवरही पडले. आपलं मत विचाराल तर: कागद बाजूला ठेवावा, पण आधी तो एकदा मांडून पाहावा. बहुतेक स्पर्धक तो मांडतच नाहीत, नुसते घाबरतात. आणि त्याहून वाईट म्हणजे १,६०,००० वरून दहावा प्रश्न तीस टक्के खात्रीवर खेळतात आणि १०,००० वर येतात. तिथे ४८ टक्के लागतात हो!

लाइफलाइन या खात्रीचे टक्के वाढवायला असतात. हे एवढं ध्यानात ठेवलं की कोणती कधी वापरायची ते आपोआप कळतं. २००० मध्ये तीन होत्या, पुढे कधी तज्ज्ञ आला, कधी प्रश्न बदलून घ्यायची सोय आली, कधी फोनचा व्हिडिओ कॉल झाला. २०२० मध्ये स्टुडिओत प्रेक्षकच नव्हते, त्यामुळे जनमतही, म्हणजे प्रेक्षकांचं मतदान, गेलं.

फिफ्टी-फिफ्टी घ्या, दोन चुकीचे पर्याय काढून टाकणारी. दोन पर्यायांत अडकलेला माणूस ती वापरतो आणि नेमके तेच दोन शिल्लक राहिले की कपाळावर हात मारतो. ‘मुद्दाम ठेवतात’ हा आरोप सोलापुरात फार जुना. पण गणित बघा. बरोबर उत्तर राहणारच, चुकीच्या तीनांतला एक राहणार. निवड निव्वळ नशिबावर असेल तर तो तुमच्याच शंकेतला असण्याची शक्यता तीनांत एक. तीनांत दोन वेळा प्रश्न तिथेच सुटतो. उलट काहीच येत नसताना ती वापरली तर २५ चे ५० टक्के होतात, एवढंच.

जनमताचं प्रकरण जास्त बारीक आहे. समजा शंभर प्रेक्षक आहेत. वीस जणांना उत्तर येतं, उरलेले ऐंशी अंदाज मारतात. चार पर्याय असतील तर बरोबर उत्तराला वीस अधिक वीस असे चाळीस मिळतील, बाकी तिघांना वीस वीस. म्हणजे ४० टक्के दिसले तरी उत्तर पक्कं. लोक मात्र ‘चाळीसच?’ म्हणून घाबरतात. आता चकवा घाला. वीस जणांना येतं, पन्नास जण चकव्यात फसलेत, तीस जण अंदाज मारतायत. चकव्याला ५७ च्या आसपास, बरोबर उत्तराला २७. पडदा ठामपणे चुकीचं सांगतोय. म्हणून जनमत सिनेमा, क्रिकेट, रोजच्या बातम्या यांवर वापरावं; घटना, विज्ञान, जुना इतिहास यांवर नाही. आणि आपल्या मनात जो पर्याय पहिल्यांदा आला होता त्यालाच जनतेने मत दिलं, म्हणजे दुजोरा मिळाला असं समजू नये. आपण ज्या खड्ड्यात पडलो त्यातच तेही पडले असतील.

फोनचे ३० सेकंद. प्रश्न आणि चार पर्याय सावकाश वाचायला बारा ते पंधरा सेकंद जातात, म्हणजे मित्राला उरले पंधरा. त्यात ‘काका, ऐकू येतंय का?’ म्हटलं की तीन गेले. घरी बसून सराव करता येतो: प्रश्नाचा गाभा सहा-सात शब्दांत, मग चार पर्याय, मग गप्प. आणि मित्राला आधीच सांगून ठेवायचं की नुसतं उत्तर नको, टक्के हवेत. ‘बी, ऐंशी’ एवढंच. ‘मला वाटतं बी असावं, पण तू बघ’ या वाक्याने आजवर कोणाचंच भलं केलेलं नाही. तिन्ही मित्र एकाच अभ्यासिकेतले असू नयेत ही दुसरी सूचना. स्पर्धा परीक्षेच्या तीन पोरांना घटना तोंडपाठ असते आणि १९७० च्या सिनेमातलं गाणं तिघांनाही येत नाही. एक मित्र गाण्याचा, एक खेळाचा, एक पुराणकथांचा.

हॉट सीटपर्यंत पोचवणारी पायरी म्हणजे फास्टेस्ट फिंगर फर्स्ट. क्रम लावायचा प्रश्न असतो आणि चार पर्यायांचे २४ क्रम होतात. उदाहरण आपल्याच नदीचं. भीमा उगमापासून खाली येताना ही ठिकाणं कोणत्या क्रमाने लागतात: ए पंढरपूर, बी दौंड, सी भीमाशंकर, डी उजनी. सगळा नकाशा डोळ्यांपुढे आणायला वेळ नसतो. आधी दोन टोकं पकडायची: पहिलं भीमाशंकर, शेवटचं पंढरपूर. २४ क्रमांचे दोनच उरतात. मग दौंड वर की उजनी, एवढाच निर्णय: सी, बी, डी, ए. फक्त पहिलंच ठिकाण माहीत असेल तर सहा उरतात, आणि तिथे अंदाज मारणं धोक्याचं. चूक होते ती बहुधा क्रम चुकल्याने नाही, दिशा चुकल्याने. ‘उगमापासून’ ऐवजी ‘उगमाकडे’, ‘चढत्या’ ऐवजी ‘उतरत्या’.

आपल्या जिल्ह्यावर प्रश्न आला आणि सोलापूरकर अडकला, यासारखी नामुष्की नाही. चकवे ठरलेले आहेत. मार्शल लॉ १९३० चा, पण मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी झाली १२ जानेवारी १९३१ ला, आणि ती सोलापुरात नव्हे, येरवड्यात. डॉ. द्वारकानाथ कोटणीस जन्मले सोलापुरात १९१० मध्ये, गेले चीनमध्ये १९४२ मध्ये. चोखोबांचा मृत्यू मंगळवेढ्यात, समाधी पंढरपुरात. ‘कुठे’ आणि ‘कधी’ यांची अदलाबदल करूनच हे प्रश्न बनतात.

नाव नोंदवायचं असेल तर वाट लांब आहे. नोंदणी ठरावीक दिवसांपुरतीच उघडते, टीव्हीवर रोज एक प्रश्न विचारतात, त्याचं उत्तर ॲपवर किंवा सांगितलेल्या पद्धतीने पाठवायचं. बरोबर उत्तर देणाऱ्यांतून संगणक नावं काढतो, मग फोनवर प्रश्न, मग प्रत्यक्ष चाचणी आणि मुलाखत. मुलाखतीत हुशारीपेक्षा बोलकेपणा पाहतात असं पाहणाऱ्यांना वाटतं, आणि पडद्यावर जे येतं त्यावरून ते पटतंही. २०१९ मध्ये एक कोटी जिंकलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे शाळेत खिचडी शिजवायच्या. त्यांचं उत्तर देणं जितकं लक्षात राहिलं तितकंच साधं बोलणंही.

या सगळ्यात कुठेही लॉटरी नाही. व्हॉट्सॲपवर बच्चनांच्या फोटोसह ‘तुमच्या नंबरला २५ लाखांची लॉटरी लागली’ असा निरोप येतो, बऱ्याचदा +९२ ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून, आणि आधी ‘प्रोसेसिंग फी’ भरायला सांगतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकच खूण सांगून ठेवा: आपण काही खेळलोच नाही तर जिंकू कसे?

आणि जिंकलातच, तर पडद्यावरचा आकडा हातात येत नाही. गेम शोच्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर आहे. उत्पन्न करमुक्त मर्यादेत असलं तरी सुटका नाही आणि खर्चाची वजावटही नाही. ३,२०,००० जिंकले तर ९६,००० आधीच कापून २,२४,००० खात्यात येतात. ५० लाखांच्या वर गेलं की अधिभारही लागतो. शिवाय करावर ४ टक्के उपकर असतो, तो कापताना धरत नाहीत. ३,२०,००० वाल्याला त्याचे ३,८४० रुपये विवरणपत्र भरताना स्वतः भरायचे असतात, आणि तोवर पैसे घराच्या स्लॅबमध्ये गेलेले असतात.